प्रकटीकरणाचा सण : तारा, पाणी आणि द्राक्षारस

नाताळचा उत्साह ओसरू लागतो, वाडीवाडीतल्या गोठ्यांवरचे दिवे मंदावू लागतात आणि मग तीन राजांच्या मूर्ती गव्हाणीजवळ सरकवल्या जातात. मुकुट, भरजरी झगे, उंट, हातांतील करंडे. मुलांना या मूर्तींचे मोठे अप्रूप असते. मोठ्यांच्या मनात मात्र हा सण नाताळची पुरवणी म्हणूनच असतो. मिस्सा झाली, की गोठा मोडायचा, तारा उतरवून कागदात गुंडाळून ठेवायचा आणि नव्या वर्षाच्या उद्योगाला लागायचे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासाची पाने चाळली, तर चित्र नेमके उलटे दिसते. २५ डिसेंबरचा नाताळ रोममध्ये साजरा होत असल्याचा पहिला पुरावा इ. स. ३३६ चा आहे. ६ जानेवारीच्या सणाची चाहूल त्याआधी सुमारे सव्वाशे वर्षे इजिप्तमध्ये लागते. ज्याला आपण पुरवणी समजतो, तो पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांचा जुना आणि मोठा सण होता. तो मुळात कशाचा होता, त्याला ‘तीन राजांचा सण’ हे रूप कसे आले, त्यात काय मागे पडले आणि काय पुन्हा गवसले, याचा शोध आपण येथे घेऊ. हा शोध केवळ तारखांचा नाही. ख्रिस्त कोणाचा, हा प्रश्न या सणाच्या मुळाशी आहे आणि प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर नव्याने द्यावे लागले आहे.

एका गर्विष्ठ शब्दाचे भाग्य

या सणाचे मूळ नाव ‘एपिफनेइया’. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ प्रकट होणे, दर्शन देणे. त्या काळच्या ग्रीक जगात देवाने भक्ताला दिलेल्या दर्शनाला हा शब्द लावीत, तसाच राजाच्या थाटामाटाच्या नगरप्रवेशालाही. सीरियाचा राजा चौथा अँटिओकस याने स्वतःला ‘एपिफनीस’, म्हणजे प्रकट झालेला देव, अशी पदवी घेतली होती. मक्काबींची पुस्तके वाचणाऱ्यांना हा राजा परिचित आहे. यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट करणारा आणि नियमशास्त्राशी निष्ठा राखणाऱ्यांचा छळ करणारा तो हाच.

असा हा सत्तेच्या मदाने माखलेला शब्द आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी उचलला आणि गोठ्यात जन्मलेल्या, क्रुसावर मरण पावलेल्या प्रभूला अर्पण केला. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्ताच्या येण्याविषयी हाच शब्द आला आहे. देव प्रकट झाला, पण सैन्य घेऊन नव्हे, नगराची दारे फोडून नव्हे, हे ख्रिस्ती श्रद्धेचे सार त्या एका शब्दाच्या अर्थांतरात साठवलेले आहे.

पूर्वेची रात्र

या सणाचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने केला आहे. बासिलिदीस नावाच्या, ख्रिस्तसभेने पाखंडी ठरविलेल्या गुरूचे अनुयायी येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस पाळतात आणि आदली रात्र वाचनात जागून काढतात, असे तो लिहितो. इजिप्तच्या तूबी महिन्याचा पंधरावा किंवा अकरावा दिवस तो सांगतो. अकरावा दिवस म्हणजे आपला ६ जानेवारी. पुढे चौथ्या शतकात ख्रिस्तसभाही पूर्वेत हा सण पाळताना दिसते. योहान कासिआन याने नोंदविले आहे, की इजिप्तमध्ये प्रभूचा जन्म आणि प्रभूचा बाप्तिस्मा यांचे स्मरण एकाच दिवशी करीत.

एकाच दिवशी दोन घटना का, असे आपल्याला वाटेल. त्या लोकांच्या दृष्टीने ती एकच घटना होती. गव्हाणीत देव माणसांत आला. यार्देनच्या पाण्यात तो कोण आहे हे पित्याने जाहीर केले. यांत काही ठिकाणी तिसरीही घटना मिसळली : काना गावचे लग्न. तेथे पाण्याचा द्राक्षारस झाला आणि येशूने आपला गौरव प्रकट केला, असे योहान आपल्या शुभवर्तमानात नमूद करतो. तारा, पाणी आणि द्राक्षारस ही एकाच प्रकटीकरणाची तीन दारे होत.

या रात्रीचे एक जिवंत वर्णन आपल्या हाती आले आहे. इ. स. ३८१ ते ३८४ या काळात एगेरिया नावाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीच्या यात्रेला गेली होती. तिच्या प्रवासवृत्तांताचे हस्तलिखित इटलीतील अरेझ्झो येथे १८८४ साली सापडले. त्यातील या सणाच्या वर्णनाचा आरंभ हरवला आहे. जे उरले आहे ते बेथलेहेमहून यरुशलेमेला परतणाऱ्या मिरवणुकीपासून सुरू होते. संन्यासी पायी चालत असल्यामुळे सगळेच संथपणे चालतात आणि माणसाला माणूस ओळखू येऊ लागावा अशा झुंजुमुंजू वेळी नगरात पोहोचतात. पुढे आठ दिवस सोहळा चालतो. अंधारातून चालत येऊन उजाडताना एकमेकांची तोंडे ओळखणे, याहून या सणाचे अधिक बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही.

अँटिओक नगरीत इ. स. ३८७ च्या ६ जानेवारीला संत योहान क्रिसोस्तोम यांनी प्रभूच्या बाप्तिस्म्यावर प्रवचन केले. या सणाच्या मध्यरात्री लोक पाणी भरून घरी नेतात आणि वर्षभर जपून ठेवतात, असे ते त्यात सांगतात. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत या दिवशी पाणी आशीर्वादित करण्याचा मोठा विधी आजही होतो.

सणांची देवाणघेवाण

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आणि पश्चिम यांनी जणू एकमेकींना आपापले सण दिले. पूर्वेचा ६ जानेवारी पश्चिमेला आला. इ. स. ३६१ च्या जानेवारीत सम्राट जुलियन गॉल प्रांतातील व्हिएन येथे या सणाला चर्चमध्ये उपस्थित होता, अशी नोंद अम्मियानुस मार्सेलिनुस या ख्रिस्ती नसलेल्या इतिहासकाराने केली आहे. जुलियनने तोवर मनातून ख्रिस्ती धर्म सोडला होता. लोकांचा पाठिंबा राखण्यासाठी तो आला होता. ज्या सणाला अशा राजालाही हजेरी लावणे भाग पडले, तो सण लोकांत किती रुजला असेल याची यावरून कल्पना येते.

उलट दिशेने रोमचा २५ डिसेंबर पूर्वेकडे गेला. हा सण आपल्याकडे येऊन दहा वर्षेही झाली नाहीत, असे क्रिसोस्तोम यांनी अँटिओकच्या लोकांना इ. स. ३८६ च्या सुमारास सांगितले. या देवाणघेवाणीनंतर दोन्हीकडे दोन सण झाले आणि आशयाची वाटणी झाली. प्रभूचा जन्म २५ डिसेंबरला गेला. पूर्वेत ६ जानेवारी हा मुख्यतः बाप्तिस्म्याचा सण राहिला; पश्चिमेत तो पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा झाला. आर्मेनियन ख्रिस्तसभेने मात्र ही वाटणी स्वीकारली नाही. तेथे आजही जन्म आणि बाप्तिस्मा ६ जानेवारीला एकत्रच साजरे होतात.

तारा सर्वांसाठी

पश्चिमेने ज्ञानी लोकांची कथा निवडली, त्यामुळे सण उथळ झाला असे कोणी समजू नये. त्या कथेतील गाभा संत ऑगस्टीन यांनी अचूक ओळखला. त्यांच्या काळी उत्तर आफ्रिकेत डोनॅटिस्ट नावाचा पंथ प्रबळ होता. खरी आणि निष्कलंक ख्रिस्तसभा ती आपलीच, इतर सर्व देशांतील ख्रिस्ती भ्रष्ट, असा त्यांचा दावा. हे लोक प्रकटीकरणाचा सण पाळीत नसत. ऑगस्टीन यांनी आपल्या प्रवचनात त्याचे कारण सांगितले, ते असे, की त्यांना एकतेची आवड नाही. जेथे तो तारा दिसला त्या पूर्वेच्या ख्रिस्तसभेशी त्यांची सहभागिता नाही. जो सण परक्यांना आत घेतो तो कुंपण घालणाऱ्यांना कसा मानवावा? सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजही आपल्याला विचारात पाडते.

संत महान लिओ (पोपपद इ. स. ४४० ते ४६१) यांची या सणावरील आठ प्रवचने उपलब्ध आहेत. ज्ञानी लोकांत त्यांना सर्व राष्ट्रांचे प्रथमफळ दिसते. आजच्या मिस्सेतील वाचनांचे सूत्रही तेच आहे. यशयाच्या साठाव्या अध्यायात राष्ट्रे प्रकाशाकडे येतात. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात परराष्ट्रीय हे सहवारस आणि एकाच शरीराचे अवयव ठरतात. मग मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ते प्रत्यक्ष येऊन गुडघे टेकतात. ते परराष्ट्रीय म्हणजे कोण, हे लक्षात घेतले पाहिजे. इस्राएलाबाहेर जन्मलेले सर्व, म्हणजे आपणच. गव्हाणीपाशी पोहोचलेल्या मेंढपाळांत आपले पूर्वज नव्हते. असलेच तर ते ताऱ्यामागून दुरून चालत आलेल्यांत होते.

ज्योतिषी राजे झाले

मत्तयाने ज्ञानी लोकांची संख्या सांगितलेली नाही, नावे सांगितलेली नाहीत आणि ते राजे होते असेही म्हटलेले नाही. त्याचा शब्द आहे ‘मागी’. पूर्वेकडचे पुरोहित, नक्षत्रे पाहणारे लोक. प्रेषितांच्या कृत्यांत बर्येशू या मांत्रिकालाही हाच शब्द लावला आहे आणि यशया संदेष्ट्याने तारे पाहून भविष्य सांगणाऱ्यांची थट्टा केली आहे. थोडक्यात, धर्मनिष्ठ यहुदी माणसाने ज्यांना घराच्या उंबरठ्यावरही घेतले नसते असे हे पाहुणे होते.

भेटी तीन म्हणून पाहुणे तीन, हा पुढचा तर्क. तो सर्वत्र एकदम मान्य झाला नाही. रोममधील भुयारी दफनभूमींच्या भित्तिचित्रांत कोठे दोन, कोठे चार ज्ञानी दिसतात. सिरियाक परंपरेत त्यांची संख्या बारा आहे. राजे दर्शनाला येतील, भेटी आणतील, असे बहात्तराव्या स्तोत्रात म्हटले असल्यामुळे त्यांना राजपद मिळाले. तरी सहाव्या शतकातील राव्हेन्ना येथील प्रसिद्ध कुट्टिमचित्रात ते मुकुटाऐवजी इराणी टोप्या घालूनच धावत आहेत. इ. स. ६१४ मध्ये इराणी सैन्याने पवित्र भूमीत विध्वंस केला, तेव्हा बेथलेहेमच्या मंदिरावर आपल्या देशीच्या वेषातील हे ज्ञानी लोक चितारलेले पाहून सैनिकांनी ते मंदिर सोडून दिले, अशी परंपरागत कथा आहे. परक्यांना आत घेतल्यामुळेच मंदिर वाचले, असा तिचा मथितार्थ.

युरोपात मात्र पुढे राजांनी हा सण आपलासा केला. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मिलान जिंकल्यावर तेथील ‘तीन राजांचे’ अवशेष ११६४ साली कोलोनला नेण्यात आले. त्यांच्यासाठी सोन्याचा अप्रतिम करंडक घडविला गेला आणि १२४८ साली आजच्या भव्य कॅथेड्रलचा पाया घातला गेला. त्या करंडकाच्या दर्शनी भागावर ज्ञानी लोकांच्या मागोमाग जर्मनीचा राजा चौथा ऑटो याचीही प्रतिमा कोरलेली आहे. सत्ताधाऱ्याने गव्हाणीपुढच्या रांगेत उभे राहावे, ही गोष्ट चांगलीच. पण त्या रांगेत उभे राहून आपल्याच सत्तेला तेज चढविण्याचा मोहही त्यात होता. मत्तयाच्या कथेत राजा म्हणून दोघांचाच उल्लेख आहे : एक हेरोद आणि दुसरे ते बाळ. हे बारकाईने वाचले, म्हणजे मुकुटांचा झगमगाट आपोआप फिका पडतो.

आपल्या भूमीत

भारताशी या सणाचे नाते जुने आहे. पाचव्या शतकातील मत्तयावरील एका अनामिक लॅटिन भाष्यात म्हटले आहे, की प्रभूच्या पुनरुत्थानानंतर प्रेषित थोमा ज्ञानी लोकांच्या देशी गेले आणि त्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. हा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. पण तारा आणि पाणी यांना जोडणारी ही आख्यायिका संत थोमांच्या नावाने घडावी, याचे आपल्याला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. केरळातील थोमा ख्रिस्ती या सणाला सिरियाक भाषेतील ‘देन्हा’ या नावाने ओळखतात. देन्हा म्हणजे उदय. तेथे काही ठिकाणी यार्देनच्या स्मरणार्थ रात्री स्नान करण्याची प्रथा होती. काही ठिकाणी केळीचा खुंट अंगणात रोवून त्यावर दिवे लावतात.

गोव्यात मांडवीच्या उत्तर तीरावर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५५५ साली रेइश मागुश, म्हणजे ज्ञानी राजांचे, चर्च उभारले. त्याच्या दर्शनी भागावर पोर्तुगालचे राजचिन्ह आहे. कोलोनप्रमाणे येथेही राजसत्ता ताऱ्याजवळ येऊन उभी राहिली. पण त्याच गोव्यात, साष्टीकडे कुएलीच्या टेकडीवर रेमेदी सायबिणीच्या कपेलात ६ जानेवारीला वेगळेच दृश्य दिसते. कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतील तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यांवर बसून, वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वर एकत्र येतात. येथे राजे कोण? गावातलीच मुले. सम्राटांनी ज्ञानी लोकांना आपल्यासारखे केले. या गावांनी त्यांना आपल्यातले केले. मुंबईजवळ गोराई येथील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचे चर्चही पवित्र ज्ञानी जनांच्या नावानेच ओळखले जाते.

मागे पडलेले पुन्हा गवसले

पश्चिमेच्या उपासनेतून बाप्तिस्मा आणि काना या दोन घटना पूर्णपणे कधीच गेल्या नव्हत्या. या सणाच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राबरोबर म्हटल्या जाणाऱ्या जुन्या ध्रुवपदात तिन्ही घटनांचे स्मरण एकत्र होते. परंतु ते लॅटिनमध्ये आणि मठांत. सामान्य भाविकांपर्यंत पोहोचले ते तीन राजेच.

विसाव्या शतकात हा तोल सावरला गेला. पोप बारावे पायस यांच्या काळी १९५५ च्या निर्णयाने सणाचे जुने अष्टाह बंद झाले, पण १३ जानेवारीला प्रभूच्या बाप्तिस्म्याचे स्मरण ठेवले गेले. द्वितीय व्हॅटिकन महासभेनंतर १९६९ साली नवे उपासनावर्ष जाहीर झाले. त्यात प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण सर्वसाधारणपणे प्रकटीकरणानंतरच्या रविवारी आला आणि त्याने नाताळकाळाची सांगता होऊ लागली. वाचनांच्या तिसऱ्या वर्षचक्रात लगेच पुढच्या रविवारी कानाच्या लग्नाचे शुभवर्तमान वाचले जाते. म्हणजे तारा, पाणी आणि द्राक्षारस असे तीन रविवार पुन्हा एका माळेत ओवले गेले. जेथे ६ जानेवारी हा बंधनकारक सण नाही तेथे प्रकटीकरण २ ते ८ जानेवारी यांमधील रविवारी साजरे होते; आपल्याकडे तसेच होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली रोझरीत प्रकाशाची रहस्ये समाविष्ट केली. त्यांतील पहिले रहस्य यार्देन आणि दुसरे काना. दर गुरुवारी घरी रोझरी म्हणणाऱ्या आपल्या माता-भगिनींच्या ओठांवर नकळत या प्राचीन सणाचाच आशय येतो, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल?

आणखी एक जुना धागा येथे सांगितला पाहिजे. अलेक्झांड्रियाचे बिशप दरवर्षी पत्र पाठवून त्या वर्षीच्या पास्कासणाची तारीख कळवीत. संत अथनाशियस यांच्या इ. स. ३६७ च्या अशाच पत्रात नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आली आहे. त्या प्रथेला अनुसरून प्रकटीकरणाच्या मिस्सेत शुभवर्तमानानंतर त्या वर्षीच्या ईस्टरची आणि इतर मोठ्या सणांची घोषणा करण्याची तरतूद आहे. ताऱ्याच्या उजेडात क्रुसाची आणि रिकाम्या कबरेची वाट दाखविली जाते. ज्ञानी लोकांच्या भेटींतील गंधरस हा प्रेताला लावावयाचा पदार्थ, हे विसरून चालत नाही.

गोठा मोडण्यापूर्वी

मत्तयाच्या कथेतील एक तपशील फार बोचरा आहे. बाळ कोठे जन्मेल, हे यरुशलेमेतील शास्त्र्यांना ठाऊक होते. त्यांनी मीखा संदेष्ट्याचे वचन अचूक सांगितले. बेथलेहेम तेथून अवघे आठ-नऊ किलोमीटर. परके लोक महिनोन्‌महिने चालून आले आणि पुढे गेले. ज्यांच्यापाशी ग्रंथ होता ते जागचे हलले नाहीत. ऑगस्टीन यांनी त्यांना मैलाच्या दगडांची उपमा दिली आहे. दगड वाटसरूला वाट दाखवतो, स्वतः मात्र जागेवरच राहतो.

नाताळात आपल्या वाड्यांत, चाळींत आणि चर्चच्या आवारांत गोठे पाहायला कितीतरी शेजारी येतात. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नसतात. मुलांना खांद्यावर घेऊन, हात जोडून ते गव्हाणीपुढे क्षणभर थांबतात. त्यांच्या मनात काय चालते हे आपल्याला कळत नाही आणि ते मोजण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ज्ञानी लोक दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले. पुढे त्यांचे काय झाले, हे मत्तय सांगत नाही. बाळाने आणि त्याच्या मातेने त्यांना पुढे यायला जागा दिली, एवढे मात्र आपल्याला माहीत आहे.

या कथेत आपण कोठे उभे आहोत, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावे. एके काळी आपण ताऱ्यामागून आलेले परके होतो. आज आपल्यापाशी ग्रंथ आहे, मंदिर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आहे. म्हणजे शास्त्र्यांच्या जागी जाऊन बसण्याचा धोका आज आपल्यालाच आहे. कामधंद्यासाठी परराज्यांतून आपल्या गावी आलेले, आपली बोली न येणारे कुटुंब मिस्सेत मागच्या बाकावर बसते, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी सरकून जागा करते का? शेजारी गोठा पाहायला येतात, तेव्हा आपण त्यांना घरात बोलावतो, की सजावटीची वाहवा ऐकून तेवढ्यावरच सुखावतो?

या वर्षी तारा उतरवून कागदात गुंडाळण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, की तो आपल्या छपरावर होता, तरी आपल्या मालकीचा नव्हता. दुरून येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून तो तेथे टांगला होता. पुढच्या नाताळपर्यंत ते काम आपल्या घरांनी आणि आपल्या वागण्याने करायचे आहे.